थंड गावातला पहिलवान

सासूबाई कधी एकदा परत जातात म्हणून देव पाण्यात घालून बसलेले जावई पुष्कळ असतील. त्या राहाव्यात म्हणून देव पाण्यात घालणारा जावई त्या गल्लीत एकच होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा, आणि सगळी गल्ली त्याला घड्याळजीच म्हणायची.

कारण तसं साधं होतं. सासूबाई आल्यापासून त्याची बायको घरात हसायला लागली होती. ती बस चालवायची आणि तिकिटंही तीच द्यायची. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून भांडणाऱ्या लोकांशी गोड बोलून घरी येईपर्यंत तिच्यातलं सगळं बोलणं संपून गेलेलं असायचं. आता ती स्वयंपाकघरात आईशी वाद घालायची, हरायची आणि खो खो हसायची. दुसरं कारण घड्याळजीनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेले होते, आणि 'आई' म्हणून हाक मारायला त्याला या जगात दुसरं माणूस नव्हतं.

सासूबाई सुईण होत्या. खाली नदीकाठच्या गरम मुलखातली निम्मी गावं त्यांच्या हातात पहिल्यांदा रडली होती. सासरे गेले, घर खायला उठलं, तेव्हा लेकीनं त्यांना इकडे वर आणलं. या डोंगरातल्या गावात उन्हाळा पाहुण्यासारखा यायचा आणि चहा घेऊन निघून जायचा. सासूबाईंनी बरोबर एक बॅग आणली होती, आणि औषधाच्या जुन्या बाटलीत टोमॅटोचं बी.

हा टोमॅटो साधासुधा नव्हता. सासऱ्यांच्या आजोबांपासून तो त्यांच्या अंगणात होता आणि त्याचं नाव होतं पहिलवान. एका हाताच्या पंज्यात मावायचा नाही. गडद लाल, खांद्याशी जांभळट, अंगावर भोपळ्यासारख्या फाका. त्याचे घरात दोन कायदे होते. पहिला कायदा, जोमदार रोपं तेवढी ठेवायची, किरकोळ उपटून टाकायची, आणि बी सगळ्यांत मोठ्या फळाचं धरायचं. दुसरा कायदा, हंगामातलं पहिलं पिकलेलं फळ घरातल्या सगळ्यांत नव्या माणसानं खायचं. तेही ताटलीत कापून नाही, वाफ्याजवळ उभं राहून, थेट चावा घेऊन.

लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात घड्याळजी तिकडे गेला होता, तेव्हा सासऱ्यांनी तो टोमॅटो त्याच्या हातात ठेवला होता. त्यानं चावा घेतला आणि नव्याकोऱ्या पांढऱ्या शर्टावर लाल ओघळ पोटापर्यंत गेला. सासरे पोट धरून हसले आणि म्हणाले, "झालं! आता हा आपला." तो शर्ट त्यानं अजून ठेवला होता. डाग गेला नव्हता, आणि जावा असं त्याला कधी वाटलंही नव्हतं.

तर त्या थंडीत, एका रविवारी सकाळी, चहाचा कप खाली ठेवून सासूबाईंनी निकाल दिला.

"एक हंगाम बघते. पहिलवान इथे पिकला तर मी राहते. नाही पिकला तर समजायचं, ही हवा आमच्यासाठी नाही. मग मी आपली माझ्या घरी बरी."

"आई, टोमॅटोवर कुणी असं ठरवतं का?" लेक म्हणाली.

"मी ठरवते. जिथे माझं काही उगवत नाही, तिथे मी काय पाहुणी म्हणून पलंगावर बसून राहू? जावईबापू, तुम्ही सांगा."

जावईबापू काय सांगणार? सासूबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं, हे तो ओळखून होता. त्यानं मान डोलावली, दुकान उघडायचं निमित्त करून पाय काढता घेतला आणि तडक रोपवालीकडे गेला.

रोपवाली म्हणजे गावाबाहेर काचेच्या घरात रोपं वाढवून विकणारी बाई. आवाज मोठा, हात मातीचे, आणि खरं बोलायची खोड. पहिलवानाचं वर्णन ऐकून ती हसलीच.

"घड्याळजी, तुमच्या पहिलवानाला लांबलचक उन्हाळा लागतो. इथे तो ताडमाड वाढेल, पानंच पानं करील, आणि रात्री गार पडल्या की फुलं टाकून मोकळा होईल. एखादं फळ धरलंच तरी ते पिकायच्या आत बर्फ पडेल."

"मग इथे लोक लावतात काय?"

तिनं त्याला एका फळीपाशी नेलं. तिथे कागदी पुड्यांमध्ये जुन्या, पिढ्यान्‌पिढ्या घरी धरलेल्या बियांच्या जाती होत्या. तिनं एकेक पुडी हातात देत ओळख करून दिली. ही 'घाईची', रोप कमरेएवढंच होतं, पण सगळ्यांच्या आधी लाल. ही 'गारठा', रात्री कितीही गार असल्या तरी हिचं फूल टिकतं. फळाला चव मात्र बेताची. ही पिवळी 'चिमणी', फळं बोराएवढी, पण थांबायचं नाव नाही.

"थंड हवेत टोमॅटो निवडताना फळाचा थाट बघायचा नाही," ती म्हणाली. "किती लवकर पिकतं, गारठ्यात फूल धरतं का, आणि रोप आटोपशीर आहे का, एवढं बघायचं. आणि या जाती काही आभाळातून पडल्या नाहीत हं. ज्या रोपाचं फळ आधी पिकलं त्याचंच बी कुणीतरी दर साली धरत गेलं. असं करत करत जात थंडीला रुळली."

घड्याळजीनं हे ऐकलं, मान हलवली आणि या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. तिन्ही जातींच्या पुड्या घ्याव्यात, पहिलवानाच्या जोडीला लावाव्यात, आणि सासूबाईंचा जीव यांच्यात कुठे रमला तर बरं.

सासूबाईंनी पुड्या उघडून बघितल्या आणि नाक मुरडलं. "हे टोमॅटो आहेत की कानातले डूल?"

पण बी पेरलं. सगळ्यांचंच पेरलं. स्वयंपाकघरातल्या खिडकीत ट्रे लागले, आणि सासूबाई सकाळ-संध्याकाळ त्यांच्यावरून हात फिरवू लागल्या. रोपं बोटाएवढी झाल्यावर निवड झाली. जाड देठाची, रुंद पानांची ठेवली. किडमिडी होती ती त्यांनी पटापट उपटली आणि वर्तमानपत्रावर ढीग घालून म्हणाल्या, "जावईबापू, जाताना एवढं कचऱ्यात टाका."

इथे घड्याळजीच्या धंद्यानं घोळ घातला. ज्या माणसाच्या दुकानात तुटक्या स्प्रिंगा आणि बिनकाट्यांच्या तबकड्या सुद्धा डब्यांत जपून ठेवलेल्या असतात, त्याच्या हातून जिवंत रोपं कशी टाकली जाणार? बाकी ढीग सुकला होता, पण एक काटकुळं रोप अजून मान वर करून होतं. त्यानं ते दुकानात नेलं, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात माती भरून खोवलं आणि काचेच्या खिडकीत भिंतीवरच्या मोठ्या घड्याळांमागे ठेवून दिलं. ते पहिलवानाच्या ट्रेमधलं की चिमणीच्या, कुणास ठाऊक. टाकलेलं रोप परत आणलं म्हणून सासूबाई हसतील, या भीतीनं तो घरी काही बोलला नाही.

मग उन्हाळा आला आणि घरामागच्या अंगणात जत्रा भरली. पहिलवान काठ्यांना बांधता बांधता कुंपणाच्या वर गेले. शेजारी वाकून वाकून बघू लागले. सासूबाई रोज त्यांच्याशी बोलायच्या, आणि बोलणं सगळं बाळंतिणीशी बोलावं तसं. "हं, दमानं. घाई नाही. जोर लाव."

फुलं आली आणि टपाटप गळाली. रोपवाली बोलली होती तसंच झालं. घड्याळजी पुन्हा तिच्याकडे गेला, आणि तिनं सांगितलं की फुलांचा देठ जरा थरथरवला तर पराग झडतो आणि फळ धरायला मदत होते. इथे भुंगे उशिरा येतात, म्हणून ती स्वतः विजेचा टूथब्रश वापरते.

त्या दिवसापासून गल्लीला करमणूक झाली. सकाळी ऊन अंगणात उतरलं की घड्याळजी डोळ्याला भिंग लावून, हातात गुर्र करणारा टूथब्रश घेऊन एकेका फुलापाशी वाकलेला असायचा आणि सासूबाई मागे उभ्या राहून हुकूम सोडायच्या.

"वर, वर. ते राहिलं. अहो, हळू! तिला गुदगुल्या होतात."

"टोमॅटोचे दात घासून झाले का?" कुंपणापलीकडून पोस्टमननं विचारलं.

"आता चूळ भरायची राहिली आहे," सासूबाईंनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, आणि मागच्या दारात उभी असलेली लेक इतकी हसली की तिच्या हातातला चहा सांडला. घड्याळजीला वाटलं, हे असंच चालू राहिलं तर आपल्याला आणखी काही नको.

काही फळं धरली. मोठी होत गेली, फाका दिसू लागल्या. पण हिरवी ती हिरवीच. इकडे 'घाईची' केव्हाच लाल होऊन बसली होती. 'चिमणी' तर रोज वाटीभर यायची. सासूबाई त्यांची कधी तारीफ करायच्या नाहीत. "पाणचट," म्हणायच्या. "याला का टोमॅटो म्हणतात?" पण एकदा घड्याळजी चष्मा विसरला म्हणून मधूनच घरी आला, तर सासूबाई अंगणात उकिडव्या बसून, पदरात मिठाची पुडी घेऊन, चिमण्या टपाटप तोंडात टाकत होत्या. त्याला बघून त्या दचकल्या.

"कीड लागलेले वेचत होते," त्या भरल्या तोंडानं म्हणाल्या.

"बरं केलंत," तो गंभीरपणे म्हणाला, आणि दुकानात पोचेपर्यंत एकटाच हसत राहिला.

उन्हाळ्यानं चहा संपवला. सकाळी श्वासाची वाफ दिसू लागली. अंगणातले पहिलवान गुळगुळीत, थोराड आणि हिरवेगार. रेडिओवर सांगितलं की परवा रात्री दहिवर गोठणार. त्या संध्याकाळी सासूबाई अंगणात गेल्या, प्रत्येक फळाला हात लावून आल्या आणि पलंगाखालची बॅग ओढून तिच्यावरची धूळ पुसू लागल्या.

लेक दारात उभी होती. "आई, हिरवी तोडून घरात ठेवू. टोपलीत पिकतील."

"रंग येईल गं. पण रोपावर पिकला नाही तो पिकला नाही. आणि कच्च्यात धरलेलं बी मला चालायचं नाही." मग जरा थांबून, साडीची घडी पुन्हा मोडून घालत त्या म्हणाल्या, "चिडू नकोस. तुमच्याकडे मला काही कमी नाही. पण त्यांची ही एकच गोष्ट माझ्याजवळ राहिली आहे. ती इथे जगत नसेल, तर मी तरी इथे कुणाची काय?"

लेक आत निघून गेली. जेवणं झाली. घड्याळजी मूग गिळून बसला होता. त्याचं कारण वेगळंच होतं.

दुकानातलं ते काटकुळं रोप आता वीत-दीड वीत वाढलं होतं, पानं मोजकी, आणि त्याच्यावर एक फळ लाल झालं होतं. ते फूल कधी आलं आणि कधी धरलं, त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. आठवड्यापूर्वी एका गिऱ्हाइकाचं घड्याळ खिडकीतून काढताना मागे लाल काहीतरी दिसलं. तेव्हापासून तो रोज ठरवायचा की आज सांगू, आणि रोज त्याची पाचावर धारण बसायची. फळ लहान होतं, वाकडं होतं, एका अंगाला फाटलेलं होतं. ते चिमणी-घाईचीपैकीच कुणी निघालं, तर? सासूबाईंना आशा दाखवून पुन्हा खाली पाडायचं? आणि पहिलवानच असला, तरी त्यांनी स्वतःच्या हातानं टाकलेलं रोप चोरून वाढवल्याचं त्यांना काय वाटेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग दाराशी आली. घड्याळजीनं बुटाच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या, आणि एकदम उठून म्हणाला,

"आई, जाण्याआधी एकदा दुकानात येता का? एक पेशंट आहे."

"मी घड्याळांची सुईण नाही, जावईबापू."

"हे घड्याळ नाही."

त्यानं जे झालं ते सगळं उभ्याउभ्या सांगून टाकलं. कचऱ्याचा ढीग, बिस्किटांचा डबा, खिडकी. सासूबाईंनी साडीवर स्वेटर चढवला आणि तडक चपला घातल्या. लेकीची पाळी दुपारची होती, ती तशीच स्वेटर ओढून मागे निघाली.

दुकान एवढंसं. तिघं आत गेल्यावर दार लावायलाही जागा उरली नाही. घड्याळजीनं मोठी घड्याळं बाजूला केली. खिडकीतून उतरणारं ऊन थेट त्या डब्यावर पडलं होतं, आणि काचेआड चांगली ऊब होती. सासूबाई खाली वाकल्या. फळाकडे त्यांनी बघितलंच नाही. आधी पान बोटांत धरलं, उलटं करून बघितलं, चुरगळून वास घेतला.

"डोळ्याला भिंग लावून बसता ना दिवसभर?" त्या म्हणाल्या. "पान नाही दिसलं? बाकीच्यांची पानं कातरलेली. हे बटाट्यासारखं रुंद, कड सरळ. असं पान फक्त आमच्याकडचं."

"म्हणजे..." लेकीनं विचारलं.

"म्हणजे पहिलवान. अस्सल."

घड्याळजीचा जीव भांड्यात पडला. पण सासूबाई उठल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या, ते वाकडं, फाटकं, लिंबाएवढं फळ खालून तळव्यावर पेलून धरलं, आणि त्यांचे डोळे भरून आले.

"वजन कमी म्हणून एक बाळ कधी बाजूला ठेवलं नाही मी," त्या म्हणाल्या. "मुठीएवढी लेकरं छातीशी धरून जगवली. आणि हे मात्र दर साली उपटून टाकत आले. मोठं तेवढं चांगलं, असं त्यांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं. तिकडे उन्हाळा संपतच नव्हता, म्हणून चालून गेलं. कुणाला घाई होती?"

तेव्हा कुठे घड्याळजीच्या त्या कानातून सुटलेलं या कानात परत आलं. "आई, रोपवाली म्हणाली होती. आधी पिकतं त्याचं बी धरायचं. असंच करत जात थंडीला रुळते."

"मग तेव्हाच सांगायचं नाही का, जावईबापू?"

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि अलगद देठ मोडून फळ हातात घेतलं. मग कायद्याप्रमाणे त्यांनी ते जावयापुढे धरलं.

"घ्या. पहिलं फळ नव्या माणसाचं. आमच्याकडे तुमच्यानंतर नवं कुणी आलंच नाही."

घड्याळजीनं हात पुढे केला आणि मध्येच थांबवला. पांढरा शर्ट आठवला, पोटापर्यंत गेलेला लाल ओघळ आठवला, आणि सासऱ्यांचं ते हसणं.

"ते तुमच्या घरी," तो म्हणाला. "हा टोमॅटो इथे पिकलाय, आई. आणि आमच्या घरात सगळ्यांत नवं माणूस मी नाही."

सासूबाईंनी लेकीकडे बघितलं. लेक ओठ दाबून उभी होती आणि जोरजोरात होकारार्थी मान डोलवत होती. सासूबाईंनी फळाकडे बघितलं, जावयाकडे बघितलं.

"मीठ आहे का?" त्या म्हणाल्या.

"कायद्यात मीठ नाही."

त्या उठून उभ्या राहिल्या, आणि त्यांनी चावा घेतला. रस हनुवटीवरून थेट स्वेटरवर. डोळे मिटले. त्यांचं तोंड हलू लागलं, चेहरा उजळत गेला, आणि त्याच क्षणी लेक किंचाळली,

"आई, बी! बी गिळू नकोस!"

सासूबाई जागच्या जागी गोठल्या. गाल फुगलेले, डोळे वटारलेले. घड्याळजीची धावपळ उडाली. त्यानं स्क्रू ठेवायची काचेची बशी उचलली, स्क्रू गल्ल्यात ओतले, बशी शर्टाच्या टोकानं पुसली आणि सासूबाईंच्या हनुवटीखाली धरली. त्यांनी एकेक बी ओठांशी आणून बशीत सोडलं. जे हनुवटीला चिकटलं ते त्यानं चिमट्यानं उचललं. जे स्वेटरवर पडलं ते लेकीनं टिपलं. तिघंही हसत होते, आणि हसल्यामुळे सासूबाईंना आणखीच ठसका लागत होता.

"एक गेलं पोटात," शेवटी त्या म्हणाल्या.

"पोटात उगवलं तर तिथलंही बी धरू," लेक म्हणाली.

सासूबाईंनी बशी उन्हात धरून बघितली. पिवळसर, लुसलुशीत बिया काचेवर चमकत होत्या. आणखी एक चावा त्यांनी जावयाला दिला, एक लेकीला, आणि देठाजवळचं उरलं ते स्वतः चोखून खाल्लं. "त्यांच्या पहिलवानापेक्षा आंबट आहे," त्या म्हणाल्या. "चांगला आंबट आहे."

मग त्यांनी तोंड पुसलं, कमरेवर हात ठेवले आणि खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. एका बाजूला मोठी घड्याळं दाटीवाटीनं लावलेली, दुसऱ्या बाजूला टेबलावरची, आणि मधल्या चिंचोळ्या जागेत तो एवढासा डबा.

"पुढच्या साली ही घड्याळं इथे चालायची नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "ऊन अडवतात."

घड्याळजीनं पुढचं साल येण्याची वाट बघितली नाही. त्यानं स्टूल ओढलं, वर चढला, आणि पहिलं घड्याळ खिळ्यावरून काढून बायकोच्या हातात दिलं.